नदीच्या वेळापत्रकाने माजुली

बेटावरच्या सहलीचा विषय मराठी मित्रमंडळींत निघाला की बहुधा अंदमान, लक्षद्वीप, बाली किंवा फुकेत ही नावे पुढे येतात, आणि या चारही ठिकाणी खर्चाचा मोठा भाग बेटावर पाय ठेवण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. विमानभाडे, लक्षद्वीपच्या बाबतीत प्रवेशपरवाना आणि रिसॉर्टचे हंगामी दर यांत काटकसरीला फारसा वाव उरत नाही. समुद्राऐवजी नदीतले बेट निवडले तर हे गणित मुळातूनच बदलते. गोव्यात मांडवीतली दिवाडी आणि चोडण ही बेटे फेरीबोटीने काही मिनिटांत गाठता येतात आणि पणजीच्या इतक्या जवळ असूनही ती बरीचशी निवांत राहिली आहेत, परंतु त्यांचा आवाका एखाद्या दिवसाचा आहे. चार-सहा जणांना आठवडाभर राहता येईल, पाहण्या-ऐकण्यासारखे रोज काही नवे सापडेल आणि तरीही खिसा सांभाळला जाईल, असे बेट भारतात शोधायचे तर आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रात वसलेल्या माजुलीचे नाव प्रथम घ्यावे लागते. मात्र माजुली स्वस्त पडते ती पाण्याची पातळी, बोटींच्या वेळा आणि तिथल्या वैष्णव मठांची दिनचर्या यांच्याशी जुळवून घेणाऱ्यालाच. ज्याला ही जुळवाजुळव नको असते त्याला प्रत्येक वळणावर जास्तीचे पैसे मोजावे लागतात. म्हणून या प्रवासाच्या आखणीत दरपत्रकापेक्षा वेळापत्रकाचा विचार आधी यायला हवा, आणि ते वेळापत्रक नदीचे असते.

माजुलीच्या दक्षिणेला ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह आहे, तर उत्तरेला खेरकटिया सुती हा ब्रह्मपुत्रेचाच एक फाटा आणि त्याला येऊन मिळणारी सुबनसिरी नदी. आज जिथे बेट आहे तिथे पूर्वी दोन प्रवाहांच्या मधली लांबट जमीन होती आणि सतराव्या-अठराव्या शतकांतले भूकंप व महापूर यांमुळे मुख्य प्रवाह दक्षिणेकडे सरकून ती चहूबाजूंनी पाण्याने वेढली गेली, असे सामान्यतः मानले जाते. बेटाच्या क्षेत्रफळाविषयी प्रवाशाला परस्परविरोधी आकडे वाचायला मिळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ते सुमारे १,२५० चौरस किलोमीटर होते. २०१६ मध्ये जगातले सर्वांत मोठे नदीबेट म्हणून गिनीजने त्याची नोंद केली तेव्हा ८८० चौरस किलोमीटर हा आकडा देण्यात आला. आणि धुपीचा अभ्यास करणाऱ्यांच्या मोजणीत तो याहून पुष्कळच लहान येतो. या तफावतीचे एक कारण असे की ब्रह्मपुत्रेत पूर ओसरल्यावर वाळूचे आणि गाळाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात, ज्यांना आसामात चापोरी म्हणतात, आणि त्यांतले कोणते बेटात धरायचे व कोणते सोडायचे हे मोजणाऱ्यावर आणि मोजणीच्या महिन्यावर अवलंबून राहते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १५ ऑगस्ट १९५० रोजी ईशान्य सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, डोंगरांच्या कडा कोसळून प्रचंड गाळ नद्यांत आला, ब्रह्मपुत्रेचे पात्र उथळ होऊन आडवे पसरले, आणि तेव्हापासून माजुलीचा काठ अधिक वेगाने कापला जाऊ लागला. विक्रमाच्या प्रमाणपत्राने काठ कापला जायचा थांबत नाही, हे बेटावरच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते.

या भूगोलाचा सहलीच्या आखणीशी थेट संबंध आहे. पात्र बदलते तसे बोटीचे घाटही जागा बदलतात, त्यामुळे जुन्या प्रवासपुस्तकातला नकाशा किंवा तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाने सांगितलेले अंतर यांच्यावर विसंबून चालत नाही. पावसाळ्यात पाणी बंधाऱ्याला टेकलेले असताना बोट जिथे लागते, तिथून हिवाळ्यात ती बरीच लांब लागू शकते आणि मधली मऊ वाळू सामानासह तुडवावी लागते; चाकांची बॅग अशा ठिकाणी ओझेच ठरते आणि पाठीवरची सॅक उपयोगी पडते.

हंगाम निवडताना जून ते सप्टेंबर हे पुराचे महिने वगळणेच शहाणपणाचे आहे, कारण त्या काळात बेटाचे सखल भाग पाण्याखाली जातात, बोटी अचानक बंद होतात आणि पुराशी झुंजणाऱ्या गावकऱ्यांच्या घरी पाहुणे म्हणून जाणे कोणत्याच अर्थाने योग्य नसते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ सोयीचा, पण तोही एकसारखा नाही. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास रासोत्सव असतो, कृष्णलीलेचे प्रयोग गावोगावच्या मांडवांत आणि सत्रांत, म्हणजे वैष्णव मठांत, रात्र-रात्र चालतात, आणि त्या दिवसांत सारा आसाम बेटावर लोटतो. ज्यांना गर्दी टाळायची आहे आणि पैसेही वाचवायचे आहेत त्यांनी रास पाहण्याचा मोह आवरावा, कारण खोली, वाहन आणि बोटीतली जागा या तिन्ही गोष्टी तेव्हा दुर्मिळ होतात. डिसेंबर-जानेवारीत हवा सुखाची असते, परंतु सकाळच्या धुक्यामुळे बोटी तासन्‌तास खोळंबतात. फेब्रुवारीचा मध्य हा कदाचित सर्वांत चांगला पर्याय ठरावा: धुके विरळ झालेले असते, पाणथळ जागांवर हिवाळी पक्षी अजून असतात, आणि फागुन महिन्याच्या पहिल्या बुधवारी मिशिंग जमातीचा आलि-आय-लिगांग हा पेरणीचा सण येतो, ज्यात तरुण-तरुणी गुमराग नाच करत गावभर फिरतात. हिवाळ्यात जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची असते. घड्याळ तेच असले तरी सूर्य तो नसतो. डिसेंबरात जोरहाट परिसरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ दीड तास आधी, आणि शेवटची बोटही त्याच हिशेबाने सुटते. अकरा वाजता आरामात नाश्ता उरकून निघणाऱ्या गटाचा निम्मा दिवस त्यामुळे हातातून जातो.

मुंबईहून रेल्वेने गुवाहाटी गाठायला साधारण दोन दिवस लागतात, आणि स्वस्त प्रवासाचा पहिला खरा निर्णय इथेच घ्यावा लागतो. विमानाने दोन दिवस वाचतात, पण ते वाचवलेले दिवस कसे वापरायचे हे ठरलेले नसेल तर फरकाची रक्कम वाया जाते. उलट ज्यांना रजा मोजून मिळते त्यांनी एका बाजूने रेल्वे आणि दुसऱ्या बाजूने विमान असा मार्ग काढणे श्रेयस्कर. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि ईशान्येकडच्या गाड्या झपाट्याने भरतात, म्हणून सहलीची तारीख ठरवण्याची बैठक त्याच्याही आधी व्हायला हवी. गुवाहाटीहून जोरहाट सुमारे तीनशे किलोमीटर असून तिथे दिवसा धावणारी जनशताब्दी गाडी आणि रात्रीच्या बस असे दोन्ही पर्याय मिळतात. दुपारी जोरहाटला उतरून धावतपळत शेवटची बोट पकडण्याचा बेत कागदावर शक्य दिसतो, परंतु तो करू नये. जोरहाटला रात्र काढून सकाळच्या बोटीने निघणे हे थोडे खर्चिक वाटले तरी प्रत्यक्षात स्वस्त पडते, कारण बोट चुकली की घाटावर भाड्याची होडी देऊ करणारे लोक असतातच आणि त्यांचा दर समोरच्याच्या अडचणीवर ठरतो.

जोरहाटपासून सुमारे चौदा किलोमीटरवर निमाती घाट आहे. तिथून माजुलीच्या कमलाबाडी घाटापर्यंत आसामच्या अंतर्देशीय जलवाहतूक खात्याच्या बोटी चालतात, ज्यांचे भाडे रोजच्या ये-जा करणाऱ्या शिक्षकाला, भाजीवाल्याला आणि विद्यार्थ्याला परवडेल अशा बेताने ठेवलेले असते. बोट लागली की दोन जाड फळ्या तिच्यावरून काठावर टाकल्या जातात आणि मोटारसायकलींमागून जीपसुद्धा त्या फळ्यांवरून वर चढवली जाते. चालकाला पुढच्या चाकाखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून एक माणूस समोर उभा राहून हाताच्या पंज्याने त्याला बोटबोट डावे-उजवे सांगत असतो, आणि हे चालू असताना सायकली, कोंबड्यांच्या टोपल्या व गॅसच्या टाक्या घेऊन माणसे त्याच फळ्यांच्या कडेने आत शिरत असतात. वाळूचे उंचवटे चुकवत जावे लागत असल्याने तासाभराचे अंतर कधी दीड तासही घेते. ८ सप्टेंबर २०२१ रोजी निमातीजवळ दोन बोटींची टक्कर होऊन एक उलटली, आणि त्यानंतर एकाच इंजिनावर चालणाऱ्या खाजगी प्रवासी बोटींवर बंदी घालण्यात आली. म्हणून स्वस्तात मिळते म्हणून कुठल्याही होडीत बसणे आणि लाइफ जॅकेट अंगात घालण्याऐवजी मांडीखाली घेऊन बसणे, या दोन्ही गोष्टी काटकसरीत मोडत नाहीत. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जोरहाट आणि माजुली यांना जोडणाऱ्या पुलाची पायाभरणी झाली होती. पूल वाहतुकीला खुला झाला की रात्री दवाखाना गाठण्यासाठी नदीची मर्जी पाहावी लागणाऱ्या बेटकरांची मोठीच सोय होईल, आणि जोरहाटहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या गाड्यांची रीघही लागेल. बाहेरून चार दिवसांसाठी येणाऱ्याने बोटीच्या मौजेखातर पुलाबद्दल नाराजी दाखवणे शोभत नाही.

गटाची संख्या हा खर्चाचा दुसरा आधार आहे. बेटावरची वाहतूक मुख्यतः सामायिक गाड्यांवर चालते आणि त्या भरल्याशिवाय निघत नाहीत; चार ते सहा जणांचा गट असेल तर एक छोटी गाडी दिवसभरासाठी ठरवून भाडे वाटून घेता येते, तर आठ-दहा जणांना दोन गाड्या आणि दोन ठिकाणच्या खोल्या लागतात आणि माणशी खर्च कमी होण्याऐवजी वाढतो. दोघांनी किंवा एकट्याने जाणाऱ्याला सायकल उत्तम, कारण बेट सपाट आहे, कमलाबाडी आणि गरमूर या दोन मुख्य वस्त्या एकमेकींपासून काही किलोमीटरवरच आहेत, आणि पूर अडवण्यासाठी घातलेल्या मातीच्या बांधांवरून जाणारे रस्ते सायकलीला सोयीचे पडतात. पैशांच्या बाबतीत 'टीटीएमएम', म्हणजे 'तुझे तू, माझे मी' ही शहरातल्या हॉटेलात चालणारी पद्धत इथे गैरसोयीची ठरते, कारण बेटावर बरेचसे व्यवहार गटाने आणि रोखीने होतात; निघताना सारखी वर्गणी काढून ती एका चोख खजिनदाराकडे सोपवणे आणि रोजच्या रोज हिशेब वहीत उतरवणे हा जुनाच मार्ग अधिक बरा. रोख रक्कम जोरहाटलाच काढून न्यावी. गटात एक तरी माणूस असा असावा की ज्याला अनोळखी माणसाच्या ओसरीवर बसून तासभर बोलता येते, मोडकी हिंदी का होईना. माजुलीवर राहण्याच्या, जेवणाच्या आणि फिरण्याच्या निम्म्या सोयी अशा बोलण्यातून निघतात.

राहण्यासाठी गरमूर आणि कमलाबाडी परिसरात बांबूच्या झोपड्या, साधी लॉज आणि मिशिंग कुटुंबांकडची घरगुती सोय मिळते, तर काही सत्रांत अतिथिगृहे आहेत. सत्र म्हणजे आसामी वैष्णव परंपरेतला मठ, आणि माजुलीला जाण्याचे खरे कारण तोच आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक ठरते. श्रीमंत शंकरदेव (१४४९–१५६८) यांनी आसामात नामभक्तीचा जो पंथ रुजवला त्यात कर्मकांडाला आणि बळीला जागा नव्हती, कीर्तन, श्रवण आणि नाट्य यांना मात्र मध्यवर्ती स्थान होते. त्यांची आणि शाक्त मताच्या माधवदेवांची पहिली भेट, जिचे पर्यवसान वादातून शिष्यत्वात झाले, ती माजुलीतल्या धुवाहाट-बेलगुरी येथे झाली असे परंपरा मानते. ती जागा पुढे नदीने गिळली. शंकरदेवांच्या उत्तरायुष्यात इकडे पैठणला एकनाथ जन्मले होते, आणि संस्कृतातले भागवत लोकभाषेत आणण्याचे जे काम एकनाथांनी मराठीत केले त्याच जातीचे काम त्यांच्या आधी शंकरदेवांनी आसामीत केले होते, हे लक्षात घेतले तर वारकरी कीर्तनाच्या संस्कारात वाढलेल्या प्रवाशाला सत्रातला नामघोष परका वाटत नाही. एक मोठा फरक मात्र आहे. वारकरी संप्रदायाने वारी केली, मठ फारसे वाढवले नाहीत. आसामात सतराव्या शतकात आहोम राजांच्या आश्रयाने सत्रे जमीनजुमला आणि मानमरातब असलेल्या संस्था झाल्या. औनीआटी सत्राची स्थापना १६५३ मध्ये राजा जयध्वज सिंहाच्या आश्रयाने झाली, आणि तिथल्या संग्रहालयातली आहोमकालीन भांडी व अलंकार पाहिले की हा राजाश्रय डोळ्यांना दिसतो.

सत्राची रचना एकदा समजली की कुठल्याही सत्रात वाट चुकत नाही. प्रवेशद्वाराला बाटचोरा म्हणतात. त्यातून आत गेल्यावर मध्यभागी पूर्व-पश्चिम पसरलेले लांबलचक कीर्तनघर किंवा नामघर असते, ज्याच्या पूर्व टोकाला मणिकूट हा गाभारा जोडलेला असतो. आणि या वास्तूच्या चारही बाजूंनी भकतांच्या म्हणजे दीक्षित वैष्णवांच्या खोल्यांच्या रांगा असतात, ज्यांना हाटी म्हणतात. अनेक सत्रांत मुख्य आसनावर मूर्तीऐवजी ग्रंथ ठेवलेला असतो, मात्र औनीआटी आणि दक्षिणपाट यांसारख्या सत्रांत कृष्णमूर्तीचीही पूजा होते. काही सत्रांतले भकत संसारी असतात, तर औनीआटी, कमलाबाडी यांसारख्या ठिकाणी ते ब्रह्मचारी असतात. तिथे लहान वयातच मुलगा घरच्यांकडून सत्रात दिला जातो, एखाद्या ज्येष्ठ भकताच्या खोलीत वाढतो, शाळेत जातो, आणि पहाटे अंगणात माटी-आखरा, म्हणजे जमिनीवर करायचे शरीर घडवणारे व्यायाम, शिकतो. पुढे यातूनच सत्रीया नृत्य उभे राहते, ज्याला २००० साली संगीत नाटक अकादमीने शास्त्रीय नृत्य म्हणून मान्यता दिली. शहरातल्या सभागृहात तिकीट काढून सत्रीया पाहणे आणि उत्तर कमलाबाडी सत्राच्या नामघरात संध्याकाळच्या प्रसंगाला, म्हणजे सामूहिक नामप्रार्थनेला, कोपऱ्यात बसून खोल हा मृदंग आणि ताल ही झांज ऐकणे यांत दुसरा अनुभव बिनखर्चाचा आहे, परंतु त्यासाठी भकतांच्या वेळा आधी विचारून घ्याव्या लागतात, पादत्राणे बाहेर काढावी लागतात, मणिकुटाच्या उंबऱ्याबाहेर थांबावे लागते आणि स्त्री-पुरुषांच्या प्रवेशाचे जे नियम त्या-त्या सत्रात असतील ते मुकाट्याने पाळावे लागतात. खास आपल्या गटासाठी नाच करून दाखवण्याची मागणी करणे मात्र टाळावे. पैसे घेऊन कुणी तसे करतही असेल, पण मग सभागृहच काय वाईट होते?

सामागुरी सत्राची ख्याती मुखवट्यांसाठी आहे. शंकरदेवांनी सुरू केलेल्या अंकिया नाटांचे, म्हणजे ब्रजावली या मिश्र काव्यभाषेतल्या भक्तिनाट्यांचे, भाओना नावाने जे प्रयोग होतात त्यांत रावण, पूतना, जटायू, बकासुर अशी पात्रे मुखवटे घालून येतात. ज्यांनी जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिला आहे त्यांना मुखवट्याच्या आड नाचणाऱ्या माणसाला किती वजन पेलावे लागते हे ठाऊक असेल. सामागुरीचा मुखवटा त्यामानाने आश्चर्य वाटावे इतका हलका असतो, कारण तो आतून पोकळ बांबूविणीचा असतो. भिजवलेल्या बांबूच्या बारीक पट्ट्या काढून षटकोनी विणीचा सांगाडा केला जातो, त्यावर कुंभारी मातीच्या राड्यात बुडवलेले सुती कापड चढवले जाते, मग माती आणि शेण यांच्या मिश्रणाने नाक, भुवया, गालाची हाडे उभी केली जातात, आणि अर्धवट सुकल्यावर बांबूच्या पातळ पट्टीने पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला जातो. उन्हात पुरता वाळल्यावर रंग येतो. चेहऱ्यापुरता तो मुख-मुखा, जबडा आणि डोळे हलवता येतात तो लोटोकारी, आणि धडासकट उभा राहणारा तो बोर किंवा चो-मुखा. जबडा हलवणाऱ्या मुखवट्याची करामत जवळून पाहण्याजोगी असते: आत एक दोरी असते, घालणाऱ्याच्या हनुवटीच्या हालचालीने ती ताणली जाते, आणि संवाद म्हणताना राक्षसाचे तोंड त्याच लयीत उघडते-मिटते. इथले मुखवटाकार हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना व हस्तलिखित-चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. लहान मुखवटे विकत मिळतात आणि गटाने खरेदीसाठी पैसे राखून ठेवायचे असतील तर ते इथेच खर्चावेत, कारण बनवणाऱ्याच्या हातात थेट पैसा पडण्याची अशी संधी पर्यटनात क्वचित येते.

मिशिंग वस्त्यांत राहणे हा सत्रांहून अगदी वेगळा अनुभव. ही जमात मूळची अरुणाचलाच्या डोंगरांतून खाली आलेली, तिची भाषा आसामीहून निराळी, आणि घर चांगघर, म्हणजे लाकडी-बांबूच्या खांबांवर उचलून धरलेले. जमिनीपासूनची उंची गेल्या मोठ्या पुराच्या खुणेवरून ठरते. खाली डुकरे, कोंबड्या आणि हातमाग, वर बांबूच्या पट्ट्यांची लवचीक जमीन, जिच्यावर पहिल्या दिवशी पाहुणा बेताबेताने पाऊल टाकतो. मध्यभागी चूल आणि तिच्यावर टांगलेल्या मांडणीवर धुरात सुकणारे मासे असतात. आपोंग ही घरी केलेली तांदळाची मद्ये, एक पांढरट आणि दुसरे भाताच्या जाळलेल्या तुसाच्या राखेमुळे काळसर, पाहुण्यापुढे आपुलकीने ठेवली जातात. न पिणाऱ्याने तसे नम्रपणे सांगितले की पुरते, पण वैष्णव सत्राच्या अतिथिगृहात उतरलेल्या मंडळींनी आपोंग पिऊन तिकडे परतणे हे असभ्यपणाचे आहे. राहण्याची जागा ठरवताना याचाही विचार करावा. खाण्याच्या बाबतीत भात, टेंगा हा आंबट रस्सा, पालेभाज्या आणि मासे यांवर घरगुती दरात भागते. काटकसरी प्रवाशाने कोमल साउल या तांदळाची विशेष ओळख करून घ्यावी. तो शिजवावा लागत नाही, पाण्यात भिजत घातला की मऊ होतो, आणि दही-गुळाबरोबर खाल्ला की सायकलीवर निघालेल्या चार माणसांची सकाळ निघते.

बेटाच्या आग्नेयेकडच्या सालमोरा गावाला गेल्याशिवाय माजुली समजत नाही, आणि पर्यटकांच्या गाड्या नेमक्या तिथे फारशा जात नाहीत. तिथल्या कुंभार स्त्रिया चाक वापरत नाहीत. काठाखालून खोदून आणलेल्या चिकट मातीचा गोळा हाताने आणि पायाने फिरवत, आतून दगडाचा आधार देत आणि बाहेरून लाकडी फळीने थापटत त्या भांडे वाढवतात, आणि पूर्वी ही भांडी होड्यांत भरून दूरच्या गावांत धान्याच्या बदल्यात दिली जात. ज्या काठातून ही माती येते तोच काठ नदी कापत आहे. ब्रह्मपुत्रा मंडळाने इथे वाळू भरलेल्या पिशव्या रचल्या आहेत आणि काँक्रीटच्या दांड्या साळिंदराच्या काट्यांसारख्या आडव्यातिडव्या जोडून केलेल्या सांगाड्यांच्या रांगा पाण्यात उभ्या केल्या आहेत, ज्यांत अडकून गाळ साचावा आणि प्रवाहाचा जोर मोडावा अशी योजना आहे. १९९७ मध्ये संजय घोष या समाजकार्यकर्त्याने गावकऱ्यांच्या श्रमदानातून, बांबू आणि झाडे यांच्या आधाराने, काठ वाचवण्याचा प्रयोग माजुलीत केला होता. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये उल्फा या सशस्त्र संघटनेने त्यांचे अपहरण केले आणि त्यांचा जीव घेतला. आजच्या शांत माजुलीत हिंडताना हे ठाऊक असलेले बरे, कारण 'अस्पर्शित' आणि 'निवांत' ही विशेषणे लावून बेटांची जाहिरात करणाऱ्यांना त्या निवांतपणाचा इतिहास सहसा माहीत नसतो. पूर आणि धूप यांमुळे कित्येक सत्रे दक्षिण तीरावर हलली, काही नामशेष झाली, आणि ज्यांची जमीन गेली त्यांतली अनेक कुटुंबे आज बांधावरच राहतात. सायकलीवरून जाताना ज्या झोपड्यांचे छायाचित्र घ्यावेसे वाटते त्या बहुधा त्यांच्याच असतात.

परतीच्या आखणीत बहुतेक गट चुकतात. धुके पडले की सकाळच्या बोटी सुटत नाहीत आणि पाणी फार उतरले की त्या वाळूला टेकतात, म्हणून बेट सोडण्याचा दिवस आणि रेल्वेचा किंवा विमानाचा दिवस एकच ठेवू नये. मध्ये जोरहाटचा एक मुक्काम अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा आणि तो दिवस वाया गेला असे मानू नये. जोरहाटला १९११ मध्ये सुरू झालेले टोकलाई येथील चहा-संशोधन केंद्र आहे, आणि शहराबाहेर ढेकियाखोवाचे बोरनामघर आहे, जे माधवदेवांनी स्थापन केल्याचे मानतात. सत्र न पाहता गेलेल्या माणसाला नामघराची रचना तिथे कुणीतरी समजावून द्यावी लागते. माजुलीहून परतलेला गट बाटचोऱ्यापाशी चपला काढून थेट आत जातो, आणि खजिनदाराने वर्गणीतून नामघरासाठी किती द्यायचे हा वाद तेवढा बाहेर उभे राहून मिटवावा लागतो.